फिनलंडचे एकेचाळीस वाचक

क्युबातल्या सांतियागो शहरातल्या एका चढाच्या गल्लीत, तिमजली इमारतीच्या अगदी वरच्या घरात राहणारे निवृत्त गृहस्थ रादामेस यांनी एका सकाळी, कॉफी गाळून होण्यापूर्वी, आपल्या खासगी ब्लॉगला वाचकमोजणीचं साधन बसवण्याचा निर्णय घेतला. निर्णयाला कोणाचाही विरोध झाला नाही. घरात दुसरं माणूस एकच, बायको मिग्दालिया, आणि ती त्या वेळी रेशनच्या कॉफीत मिसळलेली भाजक्या वाटाण्याची पूड जास्त पडली की कॉफीच कमी पडली, या विवंचनेत होती.

ब्लॉगचं नाव 'गच्चीवरून'. नावाला कारण होतं. आमच्या गल्लीत पाणी कधी येणार हे दोघांनाच ठाऊक असतं, देवाला आणि चावीवाल्याला, आणि दोघंही कळवत नाहीत. कधी आठवड्यानं येतं, कधी पंधरवड्यानं. चावीवाला खालच्या चौकात येतो, लांब लोखंडी चावी जमिनीतल्या भोकात खुपसतो, पिळतो आणि कोणाकडे न बघता निघून जातो. तो चौक फक्त रादामेसच्या गच्चीवरून दिसतो. पूर्वी चावीवाला दिसला की रादामेस कठड्याशी उभा राहून "पाणीऽऽ!" अशी आरोळी ठोकायचा, की अंगणातल्या कोंबड्या फडफडून भिंतीवर चढायच्या. मग मेहुण्यानं मायामीहून फोन पाठवला आणि आरोळी बंद झाली. हातात असला फोन असलेल्या माणसानं कठड्यावरून ओरडणं बरं दिसत नाही. तो लिहू लागला. पहिल्या ओळीत पाणी आलं की नाही ते, आणि त्याखाली जीवन, काळ, एकाकीपण वगैरेंवर चिंतन. पहिली ओळ म्हणजे दारातलं पायपुसणं, खरं घर आत आहे, असं तो म्हणायचा.

ब्लॉग ज्या परदेशी जागेवर होता तिथे आमच्या देशातून कोणी डोकावलं की दार आपोआप लागायचं. त्यावर पहिल्या मजल्यावरच्या युस्लेइदीनं उपाय काढला होता. फोनाचं कसलंही दुखणं असो, गल्ली तिच्याकडेच जाते. तिनं झाडून सगळ्यांच्या फोनांत फुलपाखराचं चित्र असलेलं एक फुकटचं ॲप घातलं. फुलपाखराला बोट लावायचं, ते फडफडतं, आणि लागलेली दारं उघडतात. आत नेमकं काय होतं हे कोणी विचारलं नाही. रादामेसनं तर नाहीच. अधिकारीपदावरून निवृत्त झालेल्या माणसानं फुलपाखराबद्दल शंका काढायच्या नसतात.

त्याची नोकरी आकड्यांतली. सगळी हयात त्यानं एका सरकारी कचेरीत पिकांचे आकडे गोळा करण्यात घालवली. शेतावरून येणारे आकडे फार अशक्त असायचे. त्यांना खाऊपिऊ घालून, बाळसं आणून वरच्या कचेरीत पाठवायचं, हे त्याचं काम. त्याच्या हाताखालून गेलेला कोबी एकदाही उद्दिष्टाला कमी पडला नाही. बाजारात तेवढा दिसायचा नाही. असा माणूस आकड्यांवर विश्वास ठेवणार नाही असं आपल्याला वाटतं. साफ चूक. जन्मभर थापा मारलेल्या माणसाइतका भोळा माणूस नाही. त्याला वाटतं, आपण एकटेच थापाडे, बाकी जग खरं बोलतं.

साधन निवडण्यासाठी त्यानं रीतसर समिती नेमली. समितीत अध्यक्ष, सचिव आणि सदस्य मिळून तो एकटा होता. कामकाज गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत झालं.

पहिलं साधन जगातल्या एका बलाढ्य कंपनीचं, फुकट. ते वाचकाचं वय, आवड, फोनची जात, तो कुठून आला आणि कुठे कंटाळून निघून गेला, सगळं सांगतं. फक्त त्या साधनाचं मनोगत वाचायला लागणारं प्रशिक्षण चार महिन्यांचं होतं. समितीनं त्यातले रंगीत आलेख पाहिले, तिला गरगरलं, आणि प्रस्ताव बाजूला ठेवण्यात आला. दुसरं साधन फार सज्जन होतं. वाचकांच्या खासगी आयुष्याचा आम्ही इतका आदर करतो, असं त्यात अभिमानानं लिहिलं होतं, की आम्हाला त्यांच्याबद्दल जवळपास काहीच कळत नाही. त्याला दरमहा परदेशी कार्डानं पैसे भरावे लागत. "काहीच न कळणं मला इथे फुकट मिळतं," असा शेरा सचिवानं मारला आणि अध्यक्षांनी तो कायम केला. तिसरं साधन एका हौशी माणसानं बनवलेलं. नाव 'पताका'. ते दोनच गोष्टी दाखवायचं: किती जण आले, आणि त्यांच्या देशाचा झेंडा. शिवाय कोणत्या घडीला पानावर किती जण होते ते, आणि पान सरासरी किती वेळ उघडं राहिलं ते खाली बारीक अक्षरांत. त्यात एक सोय होती. मालकानं स्वतःच्याच पानावर मारलेल्या चकरा मोजणीतून वगळता यायच्या. रादामेसनं ती सोय तत्काळ लावली. स्वतःचं शेत स्वतःच कापून पीक वाढलं असं दाखवणाऱ्यातला मी नाही, असं तो मिग्दालियाला म्हणाला. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"मतदान घ्यायचंय," तो म्हणाला. "पताका. तुझं मत?"

"माझं मत, खाली जाऊन आज पाव आलाय का ते बघ."

"तटस्थ," त्यानं नोंद केली. ठराव बिनविरोध मंजूर झाला.

आठवडाभरानं त्यानं पताका उघडली. माणूस कितीही आव आणो, आपलं कोणीतरी वाचतंय का हे बघितल्याशिवाय त्याला राहवत नाही. क्युबाच्या झेंड्यासमोर शून्य होतं. त्याचा चेहरा उतरला. मग नजर खाली गेली. पांढऱ्यावर निळा क्रूस, असा एक झेंडा. त्यासमोर एकतीस.

"मिग्दालियाऽ! हा कुठला गं झेंडा?"

तिनं हात पुसत पुसत पाहिलं. "फिनलंड. बर्फावरच्या हॉकीत दिसतो."

"फिनलंडमध्ये मला एकतीस माणसं वाचतात."

"का?"

हा प्रश्न त्याला अत्यंत हीन अभिरुचीचा वाटला. "का म्हणजे? चांगलं लिहितो म्हणून! आणि इथे शून्य. शून्य! शेवटी म्हणतात ते खोटं नाही, पिकतं तिथे विकत नाही."

"अरे म्हाताऱ्या, फिनलंडवाल्यांना आपल्या नळाची एवढी काय पडलीय?"

"ते नळासाठी येत नाहीत. चिंतनासाठी येतात. बघ, पान सरासरी चार सेकंद उघडं असतं. चार सेकंदांत जीवन, काळ आणि एकाकीपण संपवतात. शिकलेले लोक आहेत."

त्या दिवसापासून त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जिन्यात माणसं भेटली की तो आता हसायचा, पण दुरून, सभेला आल्यासारखा. अंगणात सोईलामावशी भेटली. ही तळमजल्यावर, अगदी मागच्या खोलीत एकटी राहणारी, जन्मभर लोकांचे कपडे शिवलेली बाई. गुडघा कामातून गेलेला, कानांनीही रजा घेतलेली. तिच्या खोलीत नळ नाही. पाणी आलं की अंगणातल्या नळाला नळी जोडून पिंप भरायचं, आणि ती नळी जोडायला गुडघ्याच्या मर्जीनं जावं लागतं. नळी कायमची जोडून ठेवली तर तिला पाय फुटतात, दोनदा फुटले. म्हणजे पाणी सुटतंय हे तिला सगळ्यांच्या आधी कळायला हवं, नाहीतर पुढच्या खेपेपर्यंत पिंप कोरडं.

"पोरा, तुझं मी रोज वाचते हं," मावशी म्हणाली.

रादामेसनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. क्युबा शून्य होतं. आकड्यात नसलेली बाई वाचक कशी असेल? म्हातारी मन राखायला बोलतेय, असं त्यानं धरलं आणि मोठ्या मनानं तिला माफ केलं.

मग दिवे जायला लागले. आमच्याकडे दिवे जातात ही काही बातमी नाही. मोबाइलचा मनोरा बंद पडतो, इंटरनेट मरतं, आणि गल्ली दारात खुर्च्या टाकून एकमेकांची उणीदुणी काढत बसते. दिवे आले की रादामेस आधी पताका उघडायचा. त्याच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. आपल्याकडे दिवे गेले होते नेमक्या त्याच वेळात फिनलंडही शून्यावर जात होतं. एकदा नाही, दर वेळी. हे शेंबड्या पोरापुढे ठेवलं असतं तर त्यानं दोन आणि दोन चार केले असते. पण रादामेस कचेरीत वाढलेला. दोन आणि दोनचे वरच्यांना हवे तेवढे होतात, हे त्याला माहीत होतं.

"गरीब बिचारे!" तो कळवळून म्हणाला. "त्यांच्याकडेही दिवे जातात गं!"

"फिनलंडमध्ये?"

"सांगत नाहीत जगाला. स्वाभिमानी लोक. आणि थंडी केवढी तिथे! इथे निदान गच्चीवर झोपता तरी येतं."

त्या दिवशी 'गच्चीवरून'वर 'अंधारातल्या फिनलंडला' नावाचं पत्र झळकलं. बंधूंनो, अन्न झाकून ठेवा, मेणबत्ती वाऱ्यापासून जपा, आणि रांगेत उभं राहताना आपल्या पुढचा माणूस कोण हे ओळखून ठेवा. असे अनुभवाचे चार बोल त्यानं मोकळ्या मनानं दिले. फिनलंडकडून उत्तर आलं नाही. दुःखात माणूस बोलत नाही, असं त्यानं मिग्दालियाला समजावलं.

आता एवढा थोर वाचकवर्ग असताना पहिल्या ओळीतलं पायपुसणं त्याला खुपायला लागलं. चावीवाला आला, चावीवाला गेला. फिनलंडच्या विचारवंतानं काय करायचं त्याचं? पण स्थानिक रंग म्हणून थोडं पाणी असू द्यावं, असा समितीनं मध्यममार्ग काढला. पाण्याची ओळ पहिल्या जागेवरून उचलून चिंतनाच्या पोटात घालण्यात आली, रोज वेगळ्या ठिकाणी. कधी बर्फ आणि मौन यांच्या मध्ये, कधी मृत्यूच्या जरा अलीकडे. बर्फ त्यानं जन्मात पाहिला नव्हता. ते चांगलंच झालं, पाहिलेल्या गोष्टींवर त्याला कधी इतकं लिहिता आलं नव्हतं.

परिणाम थक्क करणारा होता. पान उघडं राहण्याचा सरासरी वेळ चार सेकंदांवरून पाच मिनिटांवर गेला. फिनलंड एकतीसवरून एकेचाळीसवर चढलं. ज्यांना आजवर शेजारी कळवायचे त्यांनाही आता, शेजाऱ्याला ओळ सापडेना म्हणून, स्वतः पान उघडावं लागत होतं. रादामेसनं निष्कर्ष काढला: पाणी कमी केलं की साहित्य वाढतं.

"आता फार लांबड लावतोस रे पोरा," सोईलामावशी अंगणात म्हणाली. तिच्या नाकावर दोरीनं बांधलेला चष्मा होता. "बोट ठेवून ठेवून वाचते, अर्धी सकाळ जाते. पण ते बर्फाचं फार छान होतं. दोनदा वाचलं. जीव गार झाला बघ."

कोणत्याही लेखकाला जन्मात एकदा ऐकायला मिळावं असं हे वाक्य होतं. रादामेसनं ते अर्धवट ऐकलं. त्याला घाई होती. तो फिनलंड बघायला वर चालला होता.

दुसऱ्या दिवशी युस्लेइदीनं त्याला जिन्यातच गाठलं. ती कमरेवर बादली घेऊन उभी होती.

"काय हो रादामेस, पाणी कुठे लपवलंत? सगळं पान उपसून पाहिलं. नुसता बर्फ, बर्फ! बर्फ वितळवून आंघोळ करू का?"

"तू वाचलंस?" त्यानं चमकून विचारलं. "पण तुझी नोंद नाही. आपल्या देशातून एकही वाचक नाही. सगळे फिनलंडचे आहेत."

युस्लेइदीनं बादली खाली ठेवली. आणि जी हसत सुटली ती कठड्याला धरूनच.

"अगं बाई! अहो, फुलपाखरू लावलं की फोन त्या देशातून फिरून जातो. पुढच्याला वाटतं, माणूस तिथलाच. फुकटात एकच वाट आहे, फिनलंडची. अख्खी गल्ली तिथूनच जाते! ते एकेचाळीस म्हणजे आम्ही हो. मी, माझी आई, कोपऱ्यावरचा न्हावी, मागची सोईलामावशी... आम्हीच तुमचं फिनलंड! आता पाणी कधी येतंय ते सांगता का?"

रादामेस तिथेच पायरीवर बसला. अंधारातल्या फिनलंडला लिहिलेलं पत्र त्याला आठवलं आणि कानशिलं तापली. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. एकेचाळीस माणसं त्याला खरंच वाचत होती, हाकेच्या अंतरावर राहत होती, आणि त्यांना त्याची गरज होती. फिनलंडपेक्षा हे फार मोठं होतं. पण मधल्या काळात प्रकरण वर गेलेलं होतं.

कारण सरकारी संस्कृतिगृहाचे प्रमुख कॉम्रेड ओनेलिओ यांच्याकडे रादामेसनं आठवडाभर आधीच पताका नेऊन दाखवली होती. ओनेलिओंच्या वार्षिक उद्दिष्टात 'आंतरराष्ट्रीय ख्यातीचा लेखक, नग एक' असं होतं, आणि वर्ष संपत आलं तरी तो नग मिळाला नव्हता. निळा क्रूस पाहून त्यांनी रादामेसला मिठी मारली होती. मानपत्र, हार, समारंभ, सगळं ठरलं होतं.

रादामेस प्रामाणिकपणे त्यांच्याकडे गेला. हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवलं पाहिजे, कारण पुढे लिहिण्यासारखं काही नाही.

"कॉम्रेड, घोटाळा झालाय. ते फिनलंडचे नाहीत. आमच्याच गल्लीतले आहेत."

ओनेलिओंनी उठून दार लावून घेतलं. "पताका काय म्हणते?"

"पताका म्हणते फिनलंड. पण..."

"मग तुम्ही कोण ठरवणारे? तुम्ही लेखक आहात, मोजणारे नाही."

"पण ती माणसं मी रोज जिन्यात बघतो!"

"कॉम्रेड रादामेस, तुम्ही आमच्याहून जुने. तुम्हाला मी काय शिकवू? तुमच्या कोबीच्या वेळी कधी कोणी शेतात जाऊन बघितलं होतं का?" ओनेलिओ मायेनं पुढे म्हणाले, "आकडा प्रांताला कळवून झालाय. पाणी वर चढवायला मोटर लागते, आकडा आपला आपण चढतो. त्याला खाली उतरवायची सोय आपल्याकडे नाही. शनिवारी या. इस्त्रीचा शर्ट घालून या."

रादामेस बाहेर पडला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं. सत्य सांगून झालं होतं. ते कोणी घेतलं नाही, याला तो काय करणार?

संस्कृतिगृहात शनिवारी दिवे नसणार होते, म्हणून समारंभ रादामेसच्याच गच्चीवर ठेवला. ओनेलिओंनी कुठून कुठून पाहुणे जमवले होते. सगळे वरच्या वस्तीतले, आमच्या गल्लीतलं कोणी नाही. गल्लीला आमंत्रण नव्हतं. आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात शेजाऱ्यांची गर्दी बरी दिसत नाही. टाकीला टेकवून मोठा टीव्ही उभा केला होता आणि त्यावर पताका, आत्ता पानावर किती जण आहेत ते दाखवणारी, क्षणाक्षणाला बदलणारी. ही ओनेलिओंची कल्पना. आपला लेखक बोलत असताना फिनलंड त्याला वाचतंय हे डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

आणि फिनलंड वाचत होतं. पंधरवडा लोटला होता, पिंपं खडखडीत झाली होती, आज येईल, आता येईल म्हणून अख्खी गल्ली फोन हातात धरून पान वरखाली करत होती. वीस, सव्वीस, तेहेतीस. आकडा वाढेल तसा पाहुण्यांत कौतुकाचा सुस्कारा फिरायचा. एकेचाळीस झाले तेव्हा टाळ्या पडल्या. रादामेस पांढऱ्या शर्टात, गळ्यात हार, मानपत्र छातीशी धरून उभा होता. टाळ्यांना मान लववताना त्याची नजर कठड्यावरून खाली गेली.

चौकात चावीवाला आला होता. त्यानं चावी जमिनीत खुपसली, पिळली आणि कोणाकडे न बघता तो निघून गेला.

फोन रादामेसच्या खिशात होता. एक ओळ, दोन शब्द. पण ती ओळ पडली की एकेचाळीस माणसं फोन टाकून नळांकडे पळणार, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत फिनलंड शून्य होणार, हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं. अज्ञान असतं तर बरं झालं असतं. त्यानं कॉफीचा ट्रे घेऊन आलेल्या मिग्दालियाला डोळ्यांनीच चौक दाखवला. ती ट्रे तिथेच ठेवून आपलं पिंप भरायला आत धावली. जाता जाता कुजबुजली, "ब्लॉगवर टाकलंस ना?"

"टाकलं," तो म्हणाला.

पाहुण्यांपैकी पुढच्या रांगेतल्या चौघांनी चावीवाला स्पष्ट पाहिला. त्यांच्या गल्लीचं पाणी नव्हतं ते. त्यांनी पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं.

थोड्या वेळानं पाइपांत गुरगुर झाली. रस्त्याकडच्या घरांना ती ऐकू आली आणि धावपळ सुरू झाली. टीव्हीवर एकेचाळीसचे पस्तीस झाले. मग बावीस. मग नऊ.

"काय झालं?" ओनेलिओ घाबरून कानाशी आले. "फिनलंड गळतंय!"

"तिथे जेवायची वेळ झाली असेल," रादामेस म्हणाला.

चार. दोन. मग एक.

आणि तो एक हलेना. मिनिटं गेली, खाली बादल्यांचा खणखणाट वाढला, कोणीतरी कोणाला शिव्या घातल्या, पण फिनलंडचा एक माणूस पानावर ठाण मांडून बसला होता. ओनेलिओंनी टीव्हीकडे हात केला.

"पाहिलंत? सगळे गेले, पण हा गेला नाही. याला म्हणतात वाचक! कॉम्रेड, दोन शब्द बोला त्याच्यासाठी."

तो एक कोण, हे रादामेसला माहीत होतं. तळमजल्यावर मागच्या खोलीत, जिथे पाइपाची गुरगुर पोचत नाही, दोरीचा चष्मा लावून, एकेका शब्दावर बोट ठेवत ती पाणी शोधत होती. आणि कदाचित वाचतही होती. त्याला फक्त कठड्याशी जाऊन एक आरोळी मारायची होती. गळा अजून तोच होता. बहिरीलाही ऐकू जाईल असा. तो कठड्याशी गेला. त्यानं खाकरून गळा साफ केला. सगळी गच्ची शांत झाली.

"कीतोस," तो म्हणाला. फिनलंडच्या भाषेत याचा अर्थ आभार. त्यानं आठवडाभर आरशासमोर पाठ केला होता.

प्रचंड टाळ्या पडल्या.

संध्याकाळी पाणी गेल्यावर सोईलामावशी अंगणात आली. फोन हातातच होता. नळ फुसफुसत होता.

"सकाळपासून डोळे फोडून बघतेय," ती कोणाला तरी म्हणाली. "आज त्यानं पाण्याचं लिहिलंच नाही वाटतं."

आम्ही खाली मान घातली. धावपळीत तिला हाक मारायची कोणाला आठवण राहिली नव्हती. प्रत्येकाला वाटलं, ती तर रोज वाचते, तिला सगळ्यांच्या आधी कळलं असेल. दोनचार बादल्या दिल्या आम्ही; प्रत्येकाचं आपल्याला पुरून उरलं तेवढं. त्या पुरल्या नाहीत. दोन दिवसांनी तिची भाची आली, पिंप उपडं करून ठेवलं, आणि मावशीला आपल्याबरोबर खेड्यावर घेऊन गेली. तिथे विहीर आहे. इंटरनेट नाही.

सोमवारी ओनेलिओंचा फोन आला. आवाज काळजीचा होता. "कॉम्रेड, फिनलंड चाळीस दाखवतंय. वर एकेचाळीस कळवलेत. एक माणूस कुठे गेला?"

"बघतो," रादामेस म्हणाला.

तो टाकीच्या सावलीत बसला. त्यानं पताका उघडली, मालकाच्या चकरा वगळण्याची सोय काढून टाकली, फुलपाखराला बोट लावलं आणि आपलंच पान उघडलं. फिनलंड पुन्हा एकेचाळीस झालं. बर्फावरचा मजकूर समोर होता. त्यानं तो वाचायला घेतला, पण दुसऱ्या परिच्छेदातच त्याला कंटाळा आला.

मानपत्र आता त्याच्या दारावर लावलंय. जातायेता आम्ही त्यावर थुंकत नाही, एवढाच आमचा मोठेपणा. पण तुम्ही त्याला शिव्या घालायची घाई करू नका. चावीवाला चौकात आला हे मी तुम्हालाही त्याच क्षणी सांगितलं होतं. मागच्या खोलीत कोण बसलीय हेही तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही पुढच्या ओळीवर गेलात, फिनलंडचं किती झालं ते बघायला.